वेबसाइटच्या मेनूत एकच नाव रंगलेलं का असतं? पान चुकलं तर उताराही चुकतो

सातबारा असो, पीएम किसानचा हप्ता असो की रेशन कार्ड, आता बरीच कामं मोबाइलवर बघावी लागतात. कोणतीही वेबसाइट उघडली की वरच्या बाजूला नावांची एक पट्टी दिसते. मुख्यपृष्ठ, आमच्याविषयी, योजना, अर्ज, संपर्क अशी. या पट्टीला मेनू म्हणतात. नीट बनवलेल्या वेबसाइटवर यातलं एकच नाव वेगळं दिसतं. त्याचा रंग बदललेला असतो, खाली रेघ असते किंवा अक्षर ठळक असतं. आपण त्या घडीला ज्या पानावर आहोत, त्याचं ते नाव.

खूण छोटी आहे, पण ती नसली की गडबड होते. जमिनीच्या उताऱ्याचंच घ्या. सातबारा हा एका गटाचा असतो. त्या गटात खातेदार कोण, क्षेत्र किती, पीक कोणतं, बोजा आहे का, हे त्यात दिसतं. आठ-अ हा खात्याचा असतो, म्हणजे त्या गावात एका खात्यावर कोणकोणते गट आहेत ते. आता गट नंबर ११२ आणि खाते नंबर ११२ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. सातबाऱ्याचं पान समजून आठ-अ च्या पानावर ११२ टाकला, तर भलत्याच माणसाचा उतारा समोर येतो आणि 'माझं नाव कुठं गेलं' म्हणून माणूस तलाठ्याकडे पळतो.

दुसरी गल्लत पैशाची. महाभूलेखवर फुकट दिसणारा सातबारा फक्त माहितीसाठी आहे. डिजिटल सही असलेला उतारा वेगळ्या ठिकाणी मिळतो, त्याला प्रतीमागे १५ रुपये लागतात. फुकटचा कागद घेऊन बँकेत गेलं की परत पाठवतात आणि तालुक्याची एक खेप वाया जाते.

मोबाइलवर एक अडचण जास्तीची आहे. स्क्रीन लहान, त्यामुळे मेनू कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघांमागे लपवलेला असतो. खूणही तिथंच लपते. त्या रेघांवर बोट ठेवलं की यादी उघडते, रंगलेलं नाव बघायचं आणि यादी बंद करायची. पानाच्या माथ्यावरचं मोठ्या अक्षरातलं नावही वाचावं. दोन्ही जुळत नसतील तर वेबसाइट बनवणाऱ्याची चूक आहे, आपली नाही.

ही चूक होते कशी, ते गावातल्या वेबसाइट बनवणाऱ्या पोरांनी समजून घेण्यासारखं आहे. ग्रामपंचायत, दूध संस्था, शेतकरी उत्पादक कंपनी यांच्या वेबसाइट आता जवळपासचीच मुलं बनवतात. मेनू एकदा लिहितात आणि सगळ्या पानांवर तोच चिकटवतात. पहिल्या पानावर 'मुख्यपृष्ठ'ला दिलेला रंग मग प्रत्येक पानावर तसाच राहतो. तुम्ही 'संपर्क'वर असा नाहीतर 'योजना'वर, मेनू म्हणतो मुख्यपृष्ठ! अशी चुकीची खूण असण्यापेक्षा ती नसलेली बरी.

उपाय सोपा आहे. पान उघडताना त्या पानाचा पत्ता आणि मेनूतल्या प्रत्येक नावामागचा पत्ता जुळवून बघायचा, जुळेल त्यालाच खूण द्यायची. इथं एक खोच आहे. मुख्यपृष्ठाचा पत्ता नुसती एक तिरकी रेघ असतो आणि सगळ्या पानांचे पत्ते त्याच रेघेने सुरू होतात. नुसती सुरुवात जुळवली तर मुख्यपृष्ठ कायम रंगलेलं दिसणार. म्हणून त्याचा पत्ता पूर्ण जुळला तरच खूण द्यावी. वर्डप्रेसवर बनवलेल्या वेबसाइटला हे जुळवण्याचं काम बहुतेक वेळा करावं लागत नाही, चालू पानाच्या नावाला ते आपोआप वेगळी ओळख देतं. बनवणाऱ्याने फक्त रंग ठरवायचा.

नुसत्या रंगावर मात्र भागत नाही. दुपारच्या उन्हात बांधावर उभं राहून बघितलं तर फिका निळा आणि गडद निळा सारखाच दिसतो. काही जणांना लाल-हिरव्यातला फरकच कळत नाही. म्हणून रंगासोबत रेघ किंवा ठळक अक्षर हवं. डोळ्यांनी न दिसणारी माणसं पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरतात. त्याला रंग कळत नाही. त्यासाठी मेनूतल्या त्या नावाला 'एरिया-करंट' ही खूण कोडमध्ये द्यावी लागते, मग 'हे चालू पान' असं ऐकू येतं. एका ओळीचं काम आहे, तरी बरेच जण विसरतात.

संस्थेची वेबसाइट ताब्यात घेताना, शेवटचे पैसे देण्याआधी, सचिवांनी मोबाइल घेऊन उन्हात उभं राहावं आणि मेनूतलं एकेक पान उघडून बघावं. प्रत्येक वेळी खूण पुढच्या नावावर सरकली पाहिजे.