आर्सेनिकाचे निष्कर्षण, जैव नमुन्यांतील

ऊतके, मूत्र, केस, नखे इ. जैव पदार्थांत बद्ध झालेले आर्सेनिक मापनयोग्य विद्रावात आणण्याची क्रिया. सोमल (आर्सेनिक ट्रायऑक्साइड) पांढरा, गंधहीन व जवळजवळ बेचव असल्याने अन्नात ओळखू येत नाही आणि त्याच्या तीव्र विषबाधेची ओकाऱ्या, जुलाब ही लक्षणे पटकीसारखी असतात. म्हणून विषप्रयोगाचा निर्णय पुष्कळदा रासायनिक विश्लेषणावर अवलंबून राहतो.

नमुने : जुन्नर व आंबेगाव (पुणे जिल्हा) या तालुक्यांत संशयास्पद मृत्यूनंतरच्या शवपरीक्षेत राखून ठेवलेले नमुने पोलिसांमार्फत पुण्याच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे पाठविले जातात. जठर व त्यातील द्रव्य, लहान आतड्याचा भाग, यकृत व मूत्रपिंड ही अंतस्त्ये (‘व्हिसेरा’) मिठाच्या संपृक्त विद्रावात मोहोरबंद करतात. त्या विद्रावाचा कोरा नमुनाही सोबत देतात. दीर्घकालीन विषबाधेत केस उपयुक्त ठरतात. आर्सेनिक त्यांतील केराटिनाच्या गंधकयुक्त गटांशी बद्ध होते आणि केस महिन्याला सुमारे १ सेंमी. वाढत असल्याने मुळापासून केलेल्या तुकड्यांच्या विश्लेषणावरून विष शरीरात गेल्याचा काळ अजमावता येतो.

पाचन : नायट्रिक व सल्फ्यूरिक अम्लांबरोबर तापवून कार्बनी पदार्थाचे ऑक्सिडीकरण करतात. येथे परिरक्षक मीठच अडचण निर्माण करते. मीठ व सल्फ्यूरिक अम्ल यांपासून हायड्रोजन क्लोराइड बनते आणि त्रिसंयुजी आर्सेनिकाचे क्लोराइड (उकळबिंदू १३०° से.) वाफेबरोबर निघून जाते. यासाठी नायट्रिक अम्ल शेवटपर्यंत विपुल ठेवून आर्सेनिक पंचसंयुजी स्थितीत राखतात किंवा सूक्ष्मतरंगांनी तापविलेल्या बंद पात्रात पाचन करतात. नमुन्याविना तीच अम्ले वापरून केलेली कोरी चाचणी आवश्यक असते. अन्यथा अम्लांतील अशुद्धी विष म्हणून मोजली जाईल.

मापन : जेम्स मार्श यांच्या कसोटीत (१८३६) जस्त व अम्ल यांच्या विक्रियेने आर्साइन वायू मिळवितात, तो तापलेल्या काचनळीत विघटित होऊन काळसर आरसा बनतो. आधुनिक पद्धतीत पोटॅशियम आयोडाइडाने क्षपण करून सोडियम बोरोहायड्राइडाने आर्साइन मुक्त करतात व अणुशोषण वर्णपटमापकाने मोजतात. आयनद्रायू-द्रव्यमान वर्णपटमापक अधिक संवेदनशील आहे; परंतु त्यात आर्गॉन व क्लोरीन यांचा संयुक्त आयन आर्सेनिकाप्रमाणेच ७५ द्रव्यमानाचा असल्याने मिठाच्या नमुन्यात दुरुस्ती करावी लागते.

अर्थनिर्णय : सागरी मासळीतील आर्सेनोबीटेन जवळजवळ निर्विष असते. देशावरच्या बाजारांत येणारी सुकी मासळी खाल्ल्यानेही मूत्रातील एकूण आर्सेनिक वाढते. अशा वेळी तीव्र पाचन टाळून मिथेनॉल व पाणी यांनी सौम्य निष्कर्षण करतात व संयुगे अलग करून मोजतात.

विश्लेषणाने विषाचे अस्तित्व सिद्ध होते, ते देणारा हात नव्हे. बडोद्याचे रेसिडेंट कर्नल रॉबर्ट फेअर यांच्या सरबताच्या गाळात (९ नोव्हेंबर १८७४) सोमल आढळला. तथापि मल्हारराव गायकवाड यांच्या दोषाविषयी चौकशी आयोगाचे सहा सदस्य तीन विरुद्ध तीन असे विभागले गेले.