चित्रातला ‘मी’ आणि वाचकांचे दुमत

आत्मचरित्रात्मक पर्यायी कॉमिक्स म्हणजे लेखकाने स्वतःच्या आयुष्याची चौकटीचौकटीतून सांगितलेली चित्रकथा. ‘पर्यायी’ हे विशेषण अमेरिकेत रूढ झाले ते मार्व्हल आणि डीसी या बड्या कंपन्यांच्या सुपरहिरो कॉमिक्सच्या संदर्भात. त्या कंपन्यांत एक जण गोष्ट लिही, दुसरा पेन्सिलीने चित्रे काढी, तिसरा त्यांवर शाई फिरवी आणि पात्रांवर मालकी राही कंपनीची. पर्यायी कॉमिक्समध्ये ही सगळी कामे बहुधा एकाच माणसाची असतात. हा माणूस स्वतःविषयी सांगू लागला तेव्हापासून वाचकांत दोन तट पडले आहेत. काहींना यात साहित्याचा एक नवा, धीट प्रकार दिसतो, तर काहींना निव्वळ आत्मरंजन.

या प्रकाराची सुरुवात सामान्यतः १९७२ पासून धरली जाते. त्या वर्षी जस्टिन ग्रीन यांची ‘बिंकी ब्राउन मीट्स द होली व्हर्जिन मेरी’ ही चाळीसेक पानांची पुस्तिका निघाली. कॅथलिक संस्कारांत वाढलेल्या एका मुलाला पापाच्या भीतीने कसे पछाडले, याची ही हकिगत. आपल्या अंगातून अदृश्य किरण निघतात आणि ते मेरीच्या मूर्तीपर्यंत पोचून तिला विटाळतात, असे त्याला सतत वाटत राहते. हा मंत्रचळाचा आजार होता, हे ग्रीन यांना पुष्कळ वर्षांनी कळले. पुस्तिकेच्या आरंभीच त्यांनी स्वतःला हातपाय बांधलेले, उलटे टांगलेले आणि तोंडात लेखणी धरून चित्र काढणारे असे दाखवले आहे. ही पुस्तिका नसती तर आपले ‘माउस’ हे चित्रकथेचे पुस्तक झाले नसते, असे आर्ट स्पीगलमन यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले.

वाचकांतला पहिला वाद विषयाचा आहे: साध्यासुध्या आयुष्यात सांगण्यासारखे असते तरी काय? हार्वी पेकर हे क्लीव्हलँडमधल्या एका सरकारी रुग्णालयात फायली सांभाळणारे कारकून. १९७६ पासून त्यांनी पदरमोड करून ‘अमेरिकन स्प्लेंडर’ काढले. त्यांना चित्रे येत नसत. काड्यांची माणसे काढून, कोण काय बोलतो ते लिहून ते कागद रॉबर्ट क्रम्ब आणि इतर चित्रकारांकडे देत. सुपरमार्केटच्या रांगेत पैशापैशासाठी हुज्जत घालणाऱ्या म्हाताऱ्या बायकांच्या मागे खोळंबून राहणे, एवढाच त्यांच्या एका कथेचा विषय आहे. अशा कथांत काही घडतच नाही, अशी तक्रार करणारे वाचक तेव्हाही होते आणि आजही आहेत. पेकर यांच्या चाहत्यांना मात्र नेमके तेच मोलाचे वाटते. गद्यात ‘तो रांगेत ताटकळला’ म्हटले की काम संपते. कॉमिक्समध्ये जवळजवळ एकसारख्या चौकटी ओळीने येतात, त्यांत फक्त मान कलते, भुवई उंचावते, आणि ताटकळणे वाचकालाही सोसावे लागते.

दुसरा वाद रेषेचा. कॉमिक्सच्या वाचकाला सफाईदार चित्रांची सवय असते. एलिन कोमिन्स्की यांची चित्रे त्या सवयीला धक्का देतात: रेषा थरथरती, प्रमाण बिघडलेले, एकाच बाईचा चेहरा दर चौकटीत वेगळा. १९७४ मध्ये त्यांनी आणि क्रम्ब यांनी मिळून ‘डर्टी लॉन्ड्री’ काढले. त्यात प्रत्येकाने आपापली आकृती स्वतःच काढली आहे. क्रम्ब यांच्या कसलेल्या हातासमोर ही ओबडधोबड आकृती त्यांच्या अनेक चाहत्यांना खुपली. पण आपल्याच शरीराची लाज वाटत मोठ्या झालेल्या मुलीची गोष्ट गुळगुळीत रेषेत मांडली असती तर ती खोटी वाटली असती, हे दुसऱ्या बाजूचे म्हणणे दुर्लक्षिण्याजोगे नाही. मार्जान सत्रापी यांच्या ‘पर्सेपोलिस’बद्दलही असेच दुमत आहे. इराणमधील क्रांती आणि युद्धाच्या काळातले हे बालपण फ्रान्समध्ये २००० ते २००३ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. त्यात केवळ काळा आणि पांढरा रंग आहे, छटा नाहीत आणि चेहरे चार-सहा रेषांचे आहेत. काहींना हे सपाट वाटते. काहींना वाटते की दहा वर्षांच्या मुलीला जग दिसते ते असेच.

तिसरा वाद खरेखोट्याचा, आणि तो सर्वांत गुंतागुंतीचा आहे. स्पीगलमन यांच्या ‘माउस’मध्ये नाझी छळछावणीतून वाचलेल्या वडिलांची, व्लादेक यांची, कहाणी आहे. ज्यू उंदीर, जर्मन मांजरे आणि पोलिश लोक डुकरे अशी त्यातली योजना. दुसरा खंड १९९१ मध्ये आला, तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तो खपाच्या यादीत कथात्म साहित्यात टाकला. स्पीगलमन यांनी पत्र लिहून हरकत घेतली आणि पुस्तक ललितेतर विभागात गेले. १९९२ मध्ये त्याला विशेष पुलित्झर पुरस्कार मिळाला. तरी प्राण्यांची योजना सगळ्यांना पटली नव्हती. एका समाजाला सरसकट डुक्कर ठरवणे अन्यायाचे आहे, अशी टीका पहिल्या खंडावर १९८६ मध्येच झाली होती. ती करणारे होते खुद्द हार्वी पेकर.

याच पुस्तकातला एक प्रसंग खरेपणाचा प्रश्न फार नेमका मांडतो. आउश्वित्झच्या फाटकाशी कैद्यांचा वाद्यवृंद वाजत असे, याच्या नोंदी आहेत. मुलगा त्याबद्दल विचारतो, तेव्हा आपल्याला वाद्यवृंद आठवत नाही, फक्त चालत जाणे आठवते, असे वडील सांगतात. एका चौकटीत वादक स्पष्ट दिसतात. पुढच्या चौकटीत कैद्यांच्या रांगा त्यांना झाकून टाकतात आणि मागून वाद्यांची टोके तेवढी डोकावतात. इतिहास आणि आठवण यांपैकी एकालाही खोटे न पाडता दोन्ही कागदावर ठेवणे इथे चित्राला साधले आहे.

कॅनडातील सेथ यांनी मात्र वाचकाला चकवले. त्यांच्या १९९६ च्या ‘इट्स अ गुड लाइफ, इफ यू डोन्ट वीकन’ या पुस्तकाचा नायक ते स्वतःच. कालो नावाच्या विस्मृत व्यंगचित्रकाराचा ते शोध घेतात आणि कालोची चित्रेही पुस्तकात छापलेली आहेत. कालो पूर्णपणे कल्पित आहे, हे कळल्यावर काहींना फसवणूक वाटली, तर काहींनी तीच पुस्तकाची कलात्मक ताकद मानली. लिंडा बॅरी यांनी ‘वन हंड्रेड डेमन्स’साठी आत्मचरित्र आणि कल्पित यांचा जोडशब्दच घडवला आणि वाचकाला आधीच सावध केले.

चौथा वाद नैतिक आहे. स्वतःची गोष्ट सांगताना इतरांची गुपिते उघडी पडतात. ‘माउस’मध्ये लग्नाआधीच्या एका प्रेमप्रकरणाची हकिगत सांगून व्लादेक ती पुस्तकात न घालण्याचे वचन मुलाकडून घेतात. हकिगतही पुस्तकात आहे आणि वचनही. ॲलिसन बेक्डेल यांच्या २००६ च्या ‘फन होम’मध्ये दिवंगत वडिलांच्या लपवलेल्या समलैंगिकतेची आणि लेखिकेच्या स्वतःच्या समलैंगिकतेची कथा समोरासमोर येते. पुस्तकाच्या मध्यभागी दोन पानभर एक छायाचित्र रेखाटले आहे. ते वडिलांच्या मृत्यूनंतर कुटुंबाच्या छायाचित्रांत सापडलेले, आणि ते धरणारी लेखिकेची बोटेही चित्रात आहेत. चेस्टर ब्राउन यांनी २०११ च्या ‘पेइंग फॉर इट’मध्ये देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची ओळख कळू नये म्हणून त्यांचे चेहरे दाखवले नाहीत. यामागची काळजी काहींनी वाखाणली. चेहऱ्याबरोबर त्या स्त्रियांचे माणूसपणही पुसले गेले, असे इतरांना वाटले.

पाचवा वाद शाळा-ग्रंथालयांतला. २०१३ मध्ये शिकागोच्या सार्वजनिक शाळांतल्या वर्गांमधून ‘पर्सेपोलिस’ काढण्याचा आदेश निघाला. छळाचे चित्रण हे त्याचे एक कारण होते आणि विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध निदर्शने केली. जानेवारी २०२२ मध्ये टेनेसीतील मॅकमिन परगण्याच्या शाळा मंडळाने शिवराळ शब्द आणि एका नग्न आकृतीवर बोट ठेवून ‘माउस’ आठवीच्या अभ्यासक्रमातून १० विरुद्ध ० मतांनी वगळले. त्यानंतर पुस्तकाचा खप एकदम वाढला. चित्रात दिसलेली गोष्ट शाळांना खुपते, हे या दोन्ही प्रकरणांत दिसते.

हे सगळे वाद एका निकालाने मिटणारे नाहीत. मात्र चांगले आणि वाईट यांत फरक करणारी एक कसोटी या पुस्तकांतूनच हाती लागते: लेखकाने दुसऱ्यावर पाडलेला उजेड स्वतःवरही पाडला आहे का? स्पीगलमन आपला वचनभंग छापतात, बेक्डेल गुपित उघडणारी स्वतःची बोटे दाखवतात. ही पुस्तके म्हणूनच टिकली. या प्रकाराशी नव्याने ओळख करून घेणाऱ्याने ‘पर्सेपोलिस’ किंवा ‘माउस’पासून सुरुवात करावी, आणि संवादाच्या फुग्यातली अक्षरे वाचण्याआधी प्रत्येक चौकट क्षणभर नीट पाहावी.