कानांच्या तपासणीचे शिक्षण कोठे घ्यावे?

कापूस विकून घरात चार पैसे येतात, मुलांचा इंटरचा निकाल लागतो, आणि नेरडीगोंड्यात घरोघरी 'आता पुढे काय?' हा प्रश्न उठतो. डॉक्टर आणि नर्स यांपलीकडे आपली नजर सहसा जात नाही. कान तपासून श्रवणयंत्र बसवून देणारा श्रवणतज्ज्ञ हाही एक पेशा आहे. जन्मतः बहिऱ्या मुलाला सहा महिन्यांच्या आत यंत्र मिळाले, तर ते बोलू लागण्याची आशा पुष्कळ वाढते. आपल्याकडे मात्र 'उशिरा बोलेल' म्हणत वर्षे निघून जातात.

या पदवीचे नाव बी.ए.एस.एल.पी. बायपीसी किंवा एमपीसी घेऊन इंटर झाल्यावर चार वर्षे; त्यांतले शेवटचे वर्ष रुग्णांमध्ये प्रत्यक्ष कामाचे. पुढे श्रवणशास्त्रात एम.एस्‌सी. करायला आणखी दोन. डी.एच.एल.एस. ही एक वर्षाची पदविका सहायकाची आहे. ती वाईट नव्हे, पण तिने श्रवणतज्ज्ञ होता येत नाही.

कॉलेजला भारतीय पुनर्वसन परिषदेची मान्यता आहे की नाही, हे आधी पाहावे. परिषदेच्या 1992 च्या कायद्याप्रमाणे नोंदणी नसताना हे काम करणे गुन्हा आहे, आणि मान्यता नसलेल्या पदवीवर नोंदणी होत नाही. शेत गहाण टाकून फी भरायची आणि चार वर्षांनी हाती नुसता कागद, असे होऊ नये. माहितीपत्रकावरील रंगीत इमारतींवर भुलू नका. मान्यतेचे पत्र मागा व त्यावरची मुदत वाचा.

मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था 1983 पासून आहे आणि तिचे एक केंद्र सिकंदराबादला आहे. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्‌-श्रवण संस्थाही नावाजलेली. मुलाला शिकून याच जिल्ह्यात यायचे असेल, तर आम्ही सिकंदराबाद सुचवू. कानाच्या एका तपासणीत रुग्णाला शब्द ऐकवून ते परत म्हणायला सांगतात. शब्द त्याच्या भाषेतले नसतील तर चूक कानाची की भाषेची, हे कळत नाही. मराठी मुलाला घरूनच मिळते. तेलुगू रुग्णांचा सराव तिथे होईल. शिकवणे मात्र इंग्रजीत असते, तेव्हा सुट्टीतच थोडी तयारी करून घ्यावी.

प्रवेशापूर्वी एखाद्या कामाच्या दिवशी मुलाला घेऊन तिथल्या बाह्यरुग्ण विभागात सकाळभर बसा. बाकांवर किती रुग्ण आहेत आणि त्यांना विद्यार्थी तपासतात की नुसते उभे असतात, ते डोळ्यांनी पाहा. मगच फीची पावती फाडा.