रनिंग कमी असलेली पोर्शे

जुनी गाडी बघायला गेलेला माणूस दाराच्या हँडलला हात लावण्याआधी विचारतो, ‘रनिंग किती झालंय?’ पुण्या-मुंबईच्या बाजारात हा प्रश्न इंजिनाच्या काळजीपोटी येतो. जर्मनीत एखादी १९८७ सालची पोर्शे ९११ करेरा विकायला निघते तेव्हाही पहिला प्रश्न हाच असतो, पण त्यामागची भूक वेगळी असते. इतक्या वर्षांत जेमतेम पंचवीस-तीस हजार किलोमीटर चाललेली गाडी म्हणजे कारखान्याने दिलेला रंग, कारखान्यातच आवळलेले नटबोल्ट आणि तिथल्याच कारागिराची शिलाई. अशी गाडी हाती आली की मालकाला पहिली उबळ येते ती तिला लख्ख करण्याची. आणि तिचं सर्वांत मोठं नुकसान याच उबळीपायी होतं. पंधरा हजार किलोमीटरच्या धावेत जेवढं बिघडणार नाही तेवढं रबिंग कंपाउंड आणि प्रेशरचं पाणी एका दुपारी बिघडवू शकतं.

या गाडीची कुळकथा थोडक्यात सांगायला हवी. सप्टेंबर १९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ती ‘९०१’ या क्रमांकाने लोकांसमोर आली. मध्ये शून्य असलेले तीन आकडी क्रमांक आमचे आहेत, अशी हरकत फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने घेतली आणि ९०१ ची ९११ झाली. आकार फर्डिनांड अलेक्झांडर पोर्शे यांचा. सहा आडव्या सिलिंडरांचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे बसवलेलं, आणि ते थंड करायला रेडिएटर नाही, तर वारा आणि ऑइल. ही हवेवर थंड होणारी परंपरा १९९८ पर्यंत चालली. मी ज्या करेरा ३.२ बद्दल लिहितो आहे ती १९८४ ते १९८९ या मॉडेल-वर्षांतली: ३१६४ सीसी, युरोपातल्या गाडीत २३१ अश्वशक्ती, आणि बॉशची मोट्रॉनिक इंजेक्शन प्रणाली. नाशिककरांना बॉश हे नाव परकं नाही. ज्या श्टुटगार्ट शहरात ही गाडी बनली, त्याच्याशी मुंबईचं भगिनी-शहराचं नातं १९६८ पासूनचं आहे.

रनिंग कमी आहे, यावर आधी विश्वास ठेवू नये. त्या काळच्या मीटरमधलं प्लॅस्टिकचं दातेरी चक्र म्हातारपणी ठिसूळ होतं आणि तडकतं. मग वेगाचा काटा हलत राहतो, किलोमीटरचे आकडे मात्र जागच्या जागी थांबतात. त्यात फसवणूक असेलच असं नाही, गाडीने आपणहून मोजणं सोडलेलं असतं. म्हणून जाणकार पुरावे गोळा करतो. जर्मनीत खासगी गाडीची दर दोन वर्षांनी तांत्रिक तपासणी होते आणि तिच्या कागदावर किलोमीटरची नोंद असते. ते कागद ओळीने लावले की गाडीचं आयुष्य समोर येतं. सर्व्हिस बुकातले शिक्के त्याच्याशी जुळायला हवेत. त्यानंतर गाडीचं अंग वाचायचं. क्लचच्या पेडलवरचं रबर एका बाजूने झिजलंय का? ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड, जिच्यावर माणूस दर वेळी घासून बसतो, ती चेपली आहे का? नाकावर खड्यांचे टवके किती आहेत? काचांवरची आणि सीट बेल्टवरची वर्षं गाडीच्या वर्षाशी मिळतात का? या तपासणीत मला खरा आनंद आहे, कारण इथे गाडी स्वतः साक्ष देते.

पुढचं झाकण उघडलं की आत एक कागदी लेबल दिसतं. त्यावर गाडीचा क्रमांक, रंगाचा कोड आणि मालकाने मागवलेल्या जादा गोष्टींचे आकडे छापलेले असतात. त्यावर ग्रीज काढायचं रसायन उडालं की ती गाडीची जन्मनोंद पुसली गेली म्हणून समजा. काही नटबोल्टांवर रंगाचे ठिपके असतात; बोल्ट ठरल्या जोराने आवळला आहे, याची ती कामगाराने ठेवलेली खूण. आणि पोटाखाली, काही ठिकाणी इंजिनावरसुद्धा, मधासारखा पिवळट-तपकिरी चिकट थर सापडतो. नवख्याला ती वर्षानुवर्षांची घाण वाटते. प्रत्यक्षात ते संरक्षक मेण आहे. गाडी गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत गंजू नये म्हणून नवेपणीच लावलेलं. रोज वापरलेल्या गाडीवरून ते कधीच धुऊन गेलेलं असतं. कमी चाललेल्या गाडीवर ते टिकून राहतं, आणि वाफेच्या एका फवाऱ्यात कायमचं जातं. नवं मेण फासता येतं, पण ते कारखान्यातलं नसतं. म्हणून या गाडीच्या सफाईची सुरुवात कॅमेऱ्याने करावी. प्रत्येक कोपऱ्याचे फोटो काढून ठेवावेत आणि काय काढायचं नाही याची यादी आधी करावी.

धुण्याचं काम त्या मानाने साधं आहे. जर्मनीत बहुतेक नगरपालिका घरासमोरच्या रस्त्यावर गाडी धुऊ देत नाहीत, कारण ऑइलमिश्रित पाणी जमिनीत मुरतं. लोक ऑइल वेगळं करण्याची सोय असलेल्या धुलाई केंद्रात जातात. तिथला प्रेशरचा पाइप मात्र या गाडीपासून लांब ठेवायचा. काचांभोवतीची आणि दारांची रबरं चार दशकांची असतात आणि एकदा आत शिरलेलं पाणी लवकर बाहेर येत नाही. दोन बादल्या घ्यायच्या. एकीत सौम्य शाम्पू, दुसरीत साधं पाणी, आणि प्रत्येक हातानंतर धुण्याचा मऊ मोजा साध्या पाण्यात खळबळायचा, म्हणजे मातीचे कण पुन्हा रंगावर फिरत नाहीत. सुरुवात छतापासून, शेवट चाकांपाशी. कोरड्या फडक्याने धूळ पुसणं हा सगळ्यात वाईट प्रकार. आपल्याकडे सोसायटीत सकाळी पिवळं फडकं घेऊन गाड्या पुसतात, त्या प्रत्येक गाडीच्या बॉनेटवर उन्हात गोल गोल जाळी दिसते, ती यामुळेच. धुऊन झालं की गाडी तशीच झाकून ठेवू नये. पाच-सात किलोमीटर चालवून ब्रेक सुकवावेत, नाहीतर डिस्क गंजून ब्रेक पॅड तिला चिकटतात.

चाकं बहुधा फुक्सची असतात, पाच पाकळ्यांची, ॲल्युमिनियम ठोकून घडवलेली. १९६६ पासून ती ९११ ची ओळख आहेत. त्यांच्यावर ॲनोडायझिंगचा पातळ थर असतो. आम्लाचा व्हील क्लीनर किंवा धातूचं पॉलिश लावलं तर तो थर उतरतो, आणि परत आणण्यासाठी चाक पूर्ण सोलून नव्याने करावं लागतं. शाम्पू आणि मऊ ब्रश एवढंच पुरे.

आता रंग. इथे मी थांबणार आहे, कारण इथेच लोक सर्वाधिक उतावळे होतात. त्या काळचे साधे रंग, विशेषतः लाल, बरेचदा एकथरी असत. वर पारदर्शक क्लिअर कोट नसे. ऊन आणि हवा लागून असा लाल रंग निस्तेज, गुलाबीसर, खडूसारखा होतो. कापडाला पॉलिश लावून घासलं की कापड लाल होतं आणि खालून तजेलदार रंग उघडा पडतो. जादू वाटते, पण ती रंगाच्या भांडवलातून केलेली उधळपट्टी असते. कारखान्याचा संपूर्ण थर, प्रायमरसकट, साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या एक-दोन केसांएवढा. मशीनने एकदा कटिंग केलं की काही मायक्रॉन जातात. कडा आणि उंचवट्यांवर थर मुळातच पातळ असतो. म्हणून पॉलिशच्या मशीनच्या आधी जाडी मोजायचं यंत्र हवं. प्रत्येक पत्र्यावर अनेक जागी मोजून आकडे लिहून ठेवायचे. एखाद्या फेंडरवर अचानक ३०० आकडा आला, तर तो पुन्हा रंगवलेला आहे हेही कळतं. त्यानंतर सर्वांत सौम्य पॉलिश, सर्वांत मऊ पॅड, एकाच छोट्या चौकोनावर चाचणी. ऐंशी टक्के सुधारणा झाली की थांबावं, असं माझं स्पष्ट मत आहे. उरलेले दोन-चार ओरखडे गाडीच्या वयाचे आहेत आणि ते तिथे शोभतात. नाकावरचा खड्याचा टवका पूर्ण बॉनेट रंगवून मिटवण्यापेक्षा बारीक ब्रशने तेवढाच भरावा. वर ब्राझीलच्या कारनॉबा ताडाच्या पानांपासून मिळणारं मेण हाताने लावावं. वर्षातून दोनदा पुरतं.

इंजिनाची सफाई हा केवळ देखणेपणाचा विषय नाही. सिलिंडरभोवतीच्या पत्र्यासारख्या फिन्समधून वारा जातो म्हणून इंजिन थंड राहतं. ऑइलवर धूळ बसून तो लगदा फिन्सवर वाळला की उष्णता आतच कोंडते. वर्षानुवर्षं गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या गाडीत उंदीर पंख्याच्या आवरणाखाली घरटं करतात. चालू करण्याआधी तिथे टॉर्च मारून बघायलाच हवं. पाण्याचा फवारा इथे वर्ज्य, कारण अल्टरनेटर पंख्याच्या मधोमध बसलेला असतो आणि मोट्रॉनिकचे सेन्सर व जोड ओलाव्याने दगा देतात. ब्रश, सौम्य क्लीनर, कापड आणि चिकाटी यांनी बहुतेक काम होतं. गेल्या काही वर्षांत ड्राय आइसची पद्धत चांगली रुजली आहे. उणे ७८ अंशांच्या आसपासचे, तांदळाच्या दाण्याएवढे कार्बन डायऑक्साइडचे कण हवेच्या दाबाने मारतात. घाण गारठून आकसते, तडकते, सुटते, आणि कण थेट वायू होऊन जातात. पाणी नाही, वाळू नाही. जागा मात्र हवेशीर लागते आणि चालवणाऱ्याचा हात मुरलेला लागतो. दाब जास्त झाला तर घाणीबरोबर ते कारखान्याचं मेणही जातं.

पोटाखाली बघताना पाणी निथळण्याची भोकं मोकळी आहेत ना, हे आधी पाहावं: दारांच्या तळाची, सनरूफच्या नळ्यांची. १९७६ च्या सुमारापासून ९११ ची संपूर्ण बॉडी जस्तलेपित पत्र्याची झाली आणि कंपनी गंजाविरुद्ध सहा वर्षांची हमी देऊ लागली. तरीही पुढच्या बाजूला बॅटरीखाली, काचांच्या रबराखाली आणि दाराच्या मागच्या खांबाच्या बुडाशी गंज धरतो. आतल्या सफाईत चामड्याला सौम्य क्लीनर आणि तेलकट नसलेलं क्रीम, कापडी सीटला मऊ ब्रशचा व्हॅक्यूम, आणि दारांच्या रबरांना ग्लिसरीनयुक्त द्रव. चकचकीत डॅशबोर्ड पॉलिशला इथे जागा नाही.

एवढं करून गाडी कापडाखाली ठेवून दिली तर ती सडते. रनिंग कमी ठेवण्याच्या हट्टाची ही दुसरी बाजू आहे. पेट्रोल शिळं होतं आणि त्यातलं इथेनॉल ओलावा धरतं. ब्रेक फ्लुइडही पाणी शोषतं, म्हणून गाडी चालो न चालो, ते दर दोन वर्षांनी बदलावं. टायरची नक्षी शाबूत असली तरी रबर कडक होतं. मूळ टायर ऐतिहासिक ऐवज म्हणून फडताळात ठेवावेत आणि रस्त्यावर नवे घालावेत. इंजिन दर आठवड्याला पाच मिनिटं जागेवर चालवायची सवय तर घातकच. ऑइल नीट तापत नाही, जळणातून आलेलं पाणी आतच साठतं आणि धातूला खातं. ड्राय सम्पच्या या गाडीत दहा लिटरांहून अधिक ऑइल असतं, ते तापायला वेळ लागतो. महिन्यातून एकदा तासभर मनसोक्त फिरवावी. जर्मनीत यासाठी हंगामी नंबर प्लेट मिळते. तिच्या उजव्या कडेला ०४ आणि १० असे महिने छापलेले असतात. एप्रिल ते ऑक्टोबर गाडी रस्त्यावर, आणि मीठ टाकलेल्या हिवाळी रस्त्यांपासून सुटका. तीस वर्षं पूर्ण झालेल्या, मूळ रूपात जपलेल्या गाडीला तज्ज्ञाच्या तपासणीनंतर ‘एच’ अक्षराची ऐतिहासिक प्लेटही मिळते.

एकदा गेलेलं परत आणायला काय पडतं, याचा दाखला पोर्शेच्याच संग्रहालयात आहे. २०१४ मध्ये ब्रांडेनबुर्गच्या एका कोठारात एका टीव्ही पथकाला ५७ क्रमांकाची ९०१ सापडली, १९६४ सालची, गंजून चाळण झालेली. कंपनीने ती विकत घेतली. तिला उभं करायला तीन वर्षं लागली आणि त्या काळच्या दुसऱ्या गाडीचे पत्रे वापरावे लागले. ऐतिहासिक वाहनांच्या ‘फिवा’ या जागतिक संघटनेने ट्यूरिन सनद केली आहे. पुरातन वास्तूंसाठीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेचा आदर्श तिच्यापुढे आहे, आणि कमीत कमी हस्तक्षेप हा तिचा गाभा आहे.

आपल्याकडे पोर्शे थोड्यांच्या दारात असते, पण कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी किंवा वडिलांची बजाज चेतक अजून बऱ्याच अंगणांत आहे. कोकणात आणि मुंबईत शत्रू रस्त्यावर टाकलेलं मीठ नाही, पावसाळी दमट हवा आहे. प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका. श्वास घेणारं कापड घाला आणि कोरड्या दिवशी दारं उघडी ठेवा. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, तेव्हा जुन्या रबरी नळ्या आधी बदलून घ्या. खंडेनवमीला पूजा जरूर करा, पण हळदीकुंकवाचं ओलं बोट रंगावर रात्रभर ठेवू नका, आणि ओला झेंडूही बॉनेटवर सुकू देऊ नका. २०२१ च्या नियमानुसार पन्नास वर्षांहून जुन्या वाहनाला ‘व्हीए’ अक्षरांचा विंटेज क्रमांक मिळू शकतो, त्यासाठी ते मूळ रूपात असावं लागतं. तेव्हा पेंटरला बोलावण्याआधी एकदा सौम्य शाम्पूने धुऊन बघा, खाली कंपनीचा रंग किती शिल्लक आहे ते पाहा, आणि आरसी बुक, टूल किट, जुनी बिलं एका पिशवीत घालून गाडीबरोबरच ठेवा.