न विचारता बदललेली प्रार्थना

सुरत म्हटले की मराठी वाचकाला प्रथम आठवते ती जानेवारी १६६४ मधील शिवछत्रपतींची स्वारी. त्या धामधुमीतही शहरातील कॅपुचिन पंथाचे पाद्री अँब्रोज यांच्या निवासाला महाराजांनी धक्का लागू दिला नाही, असे बर्निये या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवले आहे. स्वारीची हकिकत शाळकरी मुलांनाही ठाऊक असते; त्या पाद्र्याच्या वेदीवर काय म्हटले जात असे, याचा विचार मात्र सहसा कोणी करीत नाही. सुरतेचे कॅपुचिन रोमच्या धर्मप्रचार संस्थेच्या आज्ञेत, तर दमण आणि गोव्याचे पाद्री पोर्तुगालच्या राजाच्या छत्राखाली. अधिकार कोणाचा, यावरून या दोन पक्षांत दीर्घकाळ हाडवैर होते. वेदीवरचा विधी मात्र एकच. पोप पाचवे पायस यांनी १५७० साली घालून दिलेली लॅटिन मिस्सा सुरतेत, दमणला, जुन्या गोव्यात आणि लिस्बनमध्ये त्याच शब्दांत होत असे.

हा विधी जवळजवळ चारशे वर्षे टिकला आणि पाहता पाहता गेला. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेच्या सुधारणेचा ठराव केला. मौज अशी की, डिसेंबर १९६३ च्या त्या मूळ ठरावात लॅटिन राखावी आणि प्राचीन ग्रेगोरियन गायनाला मानाचे स्थान द्यावे, असेच म्हटले होते; देशभाषांना मुभा तेवढी दिली होती. त्या मुभेचा नियम होण्यास सहा वर्षे पुरली. १९६९ साली पोप सहावे पॉल यांनी नवी मिस्सा लागू केली. वेदीकडे तोंड करून भाविकांच्या पुढे उभा राहणारा धर्मगुरू आता त्यांच्याकडे वळला, अनेक चर्चमधून गुडघे टेकण्याचे कठडे निघाले, जिभेवर घेतला जाणारा प्रसाद कालांतराने तळहातावर आला. आईच्या मांडीवर बसून जे शब्द अर्थ न कळताही मुखोद्गत झाले होते, ते एका रविवारी गेले ते गेलेच.

हा त्यांच्या घरचा प्रश्न आहे, त्यात आम्ही कशाला बोलावे, असे आमचे काही वाचक म्हणतील. एरवी आम्हीही तसेच म्हटले असते. परंतु हिंदुस्थानात या सुधारणेसाठी जे साहित्य वापरले गेले ते आपल्या देवघरातले आहे. २५ एप्रिल १९६९ रोजी रोमने भारतीय बिशपांच्या विनंतीवरून बारा गोष्टींना मान्यता दिली. पादत्राणे काढून जमिनीवर बसणे, गुडघे टेकण्याऐवजी हात जोडून नमस्कार वा पंचांग प्रणाम, मेणबत्तीच्या जागी तेलाचा दिवा, परंपरागत झग्याऐवजी अंगवस्त्र, आणि फुले, धूप व दिव्याने आरती. बंगळूरला १९६७ मध्ये स्थापन झालेले केंद्र आणि त्याचे प्रमुख फादर अमलोरपवदास यांनी हा विचार हिरिरीने पुढे नेला. त्यांचा हेतू वाईट होता, असे आम्ही म्हणणार नाही. येशू हा या मातीला परका वाटू नये, ही तळमळ खरी होती.

पण या आरतीचे स्वागत कोणी केले? मद्रासचे कॅथलिक नेते व्हिक्टर कुलंदै यांनी चर्चचे हिंदूकरण चालले आहे असा घोष करीत त्याविरुद्ध एक ग्रंथच लिहिला. दुसऱ्या बाजूने १९८८ साली सीताराम गोयल यांनी कॅथलिक आश्रमांवर पुस्तक लिहून हे हिंदूंना फसविण्याचे सोंग असल्याचा आरोप केला. एकच समई, एकाला ती मूर्तिपूजा वाटली आणि दुसऱ्याला जाळे. आमच्या मते दोघांच्याही रोषामागे कारण होते, मात्र कॅथलिक भाविकाचे दुःख अधिक खोल होते आणि त्याची दखल कमी घेतली गेली.

ते समजून घ्यायचे तर गोव्याच्या इतिहासाकडे वळावे लागते. १७३६ साली इन्क्विझिशनने जाहीरनामा काढून नवख्रिस्ती घराण्यांना जुन्या चालीरीती पाळण्यास बंदी केली. लग्नातील ओव्यांपासून दारातल्या तुळशीपर्यंत अनेक गोष्टी त्या यादीत होत्या. त्यापूर्वी १६८४ मध्ये देशभाषाच संपविण्याचा हुकूम निघाला होता. म्हणजे ज्यांच्या पणज्यांना तुळशीसाठी दंड भोगावा लागला, त्यांनी मन मारून, पिढ्यान्‌पिढ्या झिजून, लॅटिनला आपले केले. आणि ती पुरती आपली झाल्यावर वरून हुकूम आला की ती परकी आहे, दिवा ओवाळा. दोन्ही वेळा त्यांना कोणी विचारले नाही. हुकमाने आलेली तुळस आणि हुकमाने गेलेली तुळस यांत भाविकाच्या दृष्टीने फरक थोडाच आहे!

याउलट जे आतून उमलले ते टिकले. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोलला छापले गेले. ओवीत रचलेले ते काव्य पुढे मराठी वाङ्मयाच्या इतिहासात जाऊन बसले. रेव्हरंड नारायण वामन टिळक प्रॉटेस्टंट होते. त्यांच्या मराठी भजनांसाठी कोणा समितीला ठराव करावा लागला नाही. ती एका कवीच्या भुकेतून आली. वसईत मराठी मिस्सा रुळली, कारण मराठी ही तेथील भाविकाची घरची भाषा होती. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, त्यामागेही तीच घरोब्याची भाषा.

गोव्यात गेले ते केवळ शब्द नव्हेत. चर्चला जोडलेल्या गावोगावच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन, व्हायोलिन आणि समूहगायन शिकविले जाई. लॅटिन मिस्सेला गाणारे हवेत म्हणून ती सोय होती. त्याच शिदोरीवर गोमंतकीय वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीतात आपले स्थान मिळविले. अँथनी गोन्साल्विस आणि सेबॅस्टियन डिसोझा ही नावे आजही जाणकार आदराने घेतात. उपवासकाळात काही गावांतून अजून लॅटिन मोतेत गायिली जातात, आणि ती ऐकण्यास हिंदू शेजारीही थांबतात. गिटारच्या दोन-तीन सुरांवर म्हटलेल्या गीतात भक्ती नसते असे नाही. पण तेवढ्यावर उद्याचा सेबॅस्टियन घडणे कठीण, हे सांगण्यास संगीतज्ञ असण्याची गरज नाही.

सुरतेपुरते बोलायचे तर तेथे आणखी एक पेच आहे. सुरत बडोदे धर्मप्रांतात मोडते, शेजारचे दमण गोव्याच्या आर्चबिशपांकडे. आदिवासी पट्ट्यातील ख्रिस्ती, केरळीय, तमिळ, गोवेकर असे सारेच ज्या शहरात पोटासाठी येतात, तेथे ‘आपल्या भाषेतील प्रार्थना’ म्हणजे कोणाच्या? उधना-लिंबायतमध्ये खानदेशी मराठी कानावर पडते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. बंगळूरात कन्नड की तमिळ या प्रश्नावर कॅथलिकांत वर्षानुवर्षे कटुता माजली. लॅटिन कोणाचीच नव्हती, म्हणून ती सर्वांची होती; हा युक्तिवाद परंपरावादी करतात आणि स्थलांतरितांच्या शहरात तो सहज खोडता येत नाही. तथापि गुजरातीत प्रार्थना ऐकताना ज्या आदिवासी स्त्रीला प्रथमच देवाचे बोलणे कळले, तिला पुन्हा लॅटिनकडे नेणे हाही जुलूमच ठरेल. आणि डिसेंबर १९९८ मध्ये सुरतेजवळच्या डांगात प्रार्थनास्थळांवर हल्ले झाले, तेव्हा आत कोणत्या भाषेत प्रार्थना होते, याची चौकशी हल्लेखोरांनी केली नव्हती.

केरळात तर चित्र उलटेच दिसले. सिरो-मलबार सभेने २०२१ मध्ये मिस्सेचा काही भाग वेदीकडे तोंड करून करण्याचा एकच नियम सर्वांना लावला, आणि एर्नाकुलमच्या धर्मगुरूंनी व भाविकांनी त्याविरुद्ध बंड पुकारले. २०२२ च्या अखेरीस तेथील मुख्य चर्चच बंद ठेवावे लागले. तेथे नवे जपणारे रस्त्यावर आले. दिशा कोणती, यापेक्षा ती ठरविली कोणी, यावर माणसे अधिक चिडतात, असे यावरून दिसते.

रोमचे धोरणही स्थिर राहिले नाही. आर्चबिशप लफेब्र यांनी १९८८ मध्ये परवानगीविना चार बिशप अभिषिक्त केले, त्यावरून बहिष्काराची वेळ आली. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००७ साली जुन्या मिस्सेचा मार्ग सर्व धर्मगुरूंना मोकळा केला. पोप फ्रान्सिस यांनी जुलै २०२१ मध्ये तो पुन्हा अरुंद केला: आता बिशपांची अनुमती हवी, नव्या धर्मगुरूंच्या बाबतीत रोमचीही परवानगी हवी, आणि गावच्या नेहमीच्या चर्चमध्ये ती मिस्सा करण्यास सामान्यतः मनाई. चौदा वर्षांत एकदा दार उघडले आणि एकदा लोटले. या अवधीत जुनी मिस्सा लहानपणी ऐकलेली पिढी सत्तरी ओलांडून गेली. महिन्यातून एखादी सकाळ आणि बाजूची एखादी वेदी, एवढेच मागणाऱ्या वृद्धांना बिशपांच्या कचेरीतून कोणते उत्तर मिळते, हे त्या त्या धर्मप्रांताने ठरवायचे आहे. आणि ते ठरविण्यापूर्वी त्या वृद्धांना एकदा बोलावून घेण्यास कोणत्याही फर्मानाने मज्जाव केलेला नाही.