कोल्हापूरचा दसरा, कॅमेऱ्यामागून

नवमीच्या रात्री घाटकोपरहून दादरला येऊन महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडायची, की दसऱ्याच्या सकाळी कोल्हापूर. आमच्या धंद्यात सण म्हणजे सीझन.

सकाळी ९. भवानी मंडप. जुन्या राजवाड्यातली तुळजाभवानी ही छत्रपती घराण्याची कुलदेवता. अष्टमीच्या रात्री नगरप्रदक्षिणेला निघालेली अंबाबाई तिला इथे भेटून गेलेली असते. गर्दी वाढायच्या आत चार चांगले फोटो काढून घ्यायचे.

११. पंचगंगा घाट. १८९९ च्या कार्तिकात इथेच स्नानाच्या वेळी पुरोहित राजर्षी शाहूंसाठी वेदोक्त नव्हे, पुराणोक्त मंत्र म्हणत होता. राजाला स्वतःच्याच संस्थानात वेदोक्ताचा अधिकार नाही! त्यावरून पेटलेला वाद १९२० मध्ये शाहूंनीच स्थापलेल्या क्षात्रजगद्गुरूंच्या पीठापर्यंत गेला. राजघराण्याचा विधी कोणी आणि कसा सांगायचा, याची एवढी किंमत मोजलेलं दुसरं गाव मला ठाऊक नाही.

दुपारी ३. दसरा चौक. जागा आताच धरावी लागते. उशीर झाला तर फोटोत नुसते मोबाइल धरलेले हात येतात. बसल्या बसल्या वाटतं, राजघराण्याचे विधी बंद दाराआड होणाऱ्या जपानात ही रोजी मिळाली नसती. तिथल्या राजवाड्यातली तीन शिंतो देवस्थानं लोकांना बंद. २०१९ च्या नोव्हेंबरात सम्राट नारुहितो यांनी नव्या तांदळाचा नैवेद्य दाखवला तो बंद मंडपात, रात्रीचा. पुढे तो मंडपही उतरवला. त्या विधीला सरकारी पैसा कशाला, असं त्यांचे धाकटे भाऊ आदल्या वर्षी उघड बोलले होते.

संध्याकाळी ५ नंतर दम घ्यायला वेळ नाही. अंबाबाई, तुळजाभवानी, गुरुमहाराज अशा पालख्या येतात. मग जुनी मेबॅक गाडी. आजचे शाहू छत्रपती उतरतात. २०२४ पासून ते इथले खासदारही आहेत. लकडकोटात शमीची पूजा, आरती, बंदुकीच्या फैरी. फैर झाली की आपट्यावर झुंबड उडते. माझा खरा फोटो तो: पानं ओरबाडणारी माणसं आणि दोन हातांच्या अंतरावर उभे छत्रपती. संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झालं, तरी सोनं लुटायचा हक्क लोकांनी सोडलेला नाही.

रात्री ८. लॉजवर फोटो निवडून पाठवायचे, मग तांबडा-पांढरा.

मुलुंड-बोरिवलीच्या कोल्हापूरकरांनो, रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे गणपतीच्याही आधी. ते विसरू नका.