कापलेला केलॉइड पुन्हा वाढतो तेव्हा

शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर गांधीजी आणि गोल्डा मेयर या दोघांच्याही नावाच्या पाट्या आहेत. माझी धाकटी नणंद तिथेच जवळ राहते. गेल्या वर्षी तिच्याकडे गेले, तेव्हा भाजी घेतानाही ती स्कार्फ कानावर ओढून घ्यायची. कान टोचल्यावर पाळीवर सुपारीएवढी गाठ आली होती. दोनदा कापली, दोन्ही वेळा आधीपेक्षा मोठी झाली. "वहिनी, आता कोणाला हात लावू देणार नाही," म्हणायची.

या गाठीला केलॉइड म्हणतात. जखम भरताना शरीर कोलॅजनचे तंतू तयार करते. काहींच्या त्वचेत हे काम थांबतच नाही. वण जखमेबाहेर पसरतो, खाजतो, दुखतो. हा कॅन्सर नव्हे, संसर्गही नव्हे. पण नुसता कापला तर पुष्कळदा परत येतो, कारण कापणे म्हणजे पुन्हा नवी जखमच.

स्टेरॉइडची इंजेक्शने, सिलिकॉनची पट्टी यांनी भागले नाही, तर शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन देतात. त्याने तंतू बनवणाऱ्या पेशींची वाढ रोखली जाते. मात्र वेळ महत्त्वाची. पहिला डोस साधारण २४ ते ४८ तासांत मिळायला हवा. म्हणून दोन्ही तारखा एकदमच ठरवाव्यात. शुक्रवारी शस्त्रक्रिया आणि शनिवार-रविवार विभाग बंद, असे होऊ देऊ नये. नणंदेची शस्त्रक्रिया मंगळवारी झाली, बुधवारपासून तीन दिवस रेडिएशन. दर वेळी काही मिनिटे, वेदना नाही.

"रेडिएशन म्हणजे कॅन्सर ना?" तिने घाबरून विचारले होते. इथे डोस कॅन्सरच्या उपचारापेक्षा बराच कमी असतो आणि किरण फार खोल जात नाहीत. त्वचा काळवंडू शकते. पुढे कॅन्सर होण्याचा धोका फार थोडा, पण शून्य नाही. म्हणून लहान मुले आणि गरोदर स्त्रियांना हा उपचार टाळतात. थायरॉइड व स्तनाजवळ विशेष काळजी घेतात.

आपल्या वयाच्या वाचकांसाठी दोन गोष्टी. बायपासनंतर छातीवरचा वणही असा वाढू शकतो. पेसमेकर असेल तर रेडिएशनआधी डॉक्टरांना जरूर सांगा. आणि जुन्या वणावरची जखम भरत नसेल, रक्त येत असेल, तर केलॉइडच असेल असे समजून घरी बसू नका. दाखवा.

नणंदेची पाळी आज सपाट आहे, किंचित काळसर. केलॉइड उशिराही परततो, म्हणून तपासणी चालूच आहे. स्कार्फ मात्र आता फक्त थंडीत.